ओळख देणं

आम्ही चार वर्षांच्या असतानाचा एक फोटो आईच्या कपाटात आहे. दोघींच्या अंगात एकसारखे फ्रॉक, दोघींचे केस कपाळावर सारखेच कापलेले, दोघींची मान एकाच बाजूला कललेली. त्यातली मी कुठली, ते मला सांगता येत नाही. बहिणीलाही सांगता येत नाही. फोटोच्या मागे तारीख लिहिलेली आहे, नावं नाहीत. ही काय विसरायची गोष्ट आहे, असं आईला तेव्हा वाटलं असणार. आता तीही फोटो डोळ्यांजवळ धरते, मग लांब धरते आणि काही न बोलता परत कपाटात ठेवून देते.

आम्ही जुळ्या, एकाच बीजापासून झालेल्या. आम्हाला ओळखायची घरात प्रत्येकाची वेगळी रीत होती. आजी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवायची. बाबा दोन्ही नावं एका दमात घ्यायचे, म्हणजे जी हवी ती आपोआप यायची. आई मात्र बघायचीसुद्धा नाही. ती पाठमोरी काम करत असली तरी दारातून कोण आलं ते तिला कळायचं, कारण बहीण चालताना डावी टाच किंचित घासते. फरशीवर त्याचा बारीकसा आवाज होतो. आम्हा दोघींना तो कधी ऐकू आला नव्हता. आईनं सांगितल्यावर आम्ही दुपारभर घरभर चालून पाहिलं, तेव्हा कुठे मला तो ऐकू आला.

तिसरीत असताना बहिणीचा गृहपाठ राहिला होता. बाईंनी चुकून मला वर्गाबाहेर उभं केलं. मी सांगत होते, ती रडत रडत सांगत होती, पण दोघी सारख्याच दिसणाऱ्या मुली सारखंच काही तरी सांगताहेत, यावर कोण विश्वास ठेवणार? अख्खा तास मी दाराबाहेर उभी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं आरशासमोर उभं राहून कंगव्यानं डावीकडे भांग पाडला. माझा भांग उजवीकडे होता, जन्मापासून दोघींचाही उजवीकडेच होता. मला फार राग आला. हिला माझ्यासारखं दिसायला नको आहे, एवढंच मला त्यातून समजलं. कित्येक दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

प्राणी एकमेकांना कसे ओळखतात, हे वाचायचा नाद मला पुढे लागला, त्याचं मूळ बहुधा इथेच आहे. पण बरीच वर्षं मी ते वाचन उलट्या बाजूनं करत होते. ओळखणाऱ्याचे डोळे किती तीक्ष्ण, कान किती तयार, स्मरण किती पक्कं, याच गोष्टी मी शोधत होते. ओळखलं जाणाऱ्याचाही त्यात वाटा असतो, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. खरं तर आपल्या भाषेनं ती कधीच सांगून ठेवली आहे. ओळख पटते, ओळख पटवावी लागते. आणि रस्त्यात समोरून आलेला माणूस न बघितल्यासारखं करून गेला की आपण म्हणतो, त्यानं ओळखसुद्धा दिली नाही. म्हणजे ओळख ही द्यायचीही गोष्ट आहे.

हे मला नीट समजावलं ते गांधीलमाशांनी.

उत्तर अमेरिकेत पोलिस्टीस फुस्कॅटस नावाची एक गांधीलमाशी आहे. लाकूड चावून, लाळेत कालवून ती कागदासारखं घरटं बांधते. वळचणीला उलटं टांगलेलं, उघड्या खणांचं घरटं. वसंतात पुष्कळदा तीन-चार राण्या मिळून एकाच घरट्याची सुरुवात करतात. एकत्र राहायचं म्हटलं की वर कोण, खाली कोण हे ठरतं. अंडी जास्त कुणी घालायची, अन्न आणायला बाहेर कुणी जायचं, हे त्या उतरंडीवर ठरतं, आणि ती उतरंड मारामाऱ्या करून ठरते. आता या माशीचा चेहरा जवळून बघा, भिंगातून किंवा मोठ्या केलेल्या फोटोत. एकीच्या डोळ्यांवर पिवळ्या भुवया काढल्यासारख्या रेघा, दुसरीच्या कपाळाला मधोमध काळा पट्टा, तिसरीचा जबड्यावरचा भाग तांबूस आणि गालांवर पिवळे ठिपके. शेजारी शेजारी ठेवलेले दहा चेहरे बघितले तर माणसालासुद्धा ते वेगवेगळे कळतात. कीटकांच्या बाबतीत असं सहसा होत नाही.

एलिझाबेथ टिबेट्स या शास्त्रज्ञेनं या चेहऱ्यांवर रंग लावून पाहिला. २००२ साली तिनं हे काम प्रसिद्ध केलं. बारीक काडीनं एका माशीच्या तोंडावरची खूण बदलायची आणि तिला तिच्याच घरट्यावर परत सोडायचं. खूण न बदलता नुसताच रंग लावलेल्या माश्या तुलनेसाठी होत्या. चेहरा बदललेल्या माशीवर घरातल्याच बाकीच्या जास्त तुटून पडल्या. वास तोच, घर तेच, पण चेहरा अनोळखी. थोड्या वेळानं नवा चेहरा सवयीचा झाला तशी मारामारी निवळली. मला हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ती परकी आहे म्हणून तिला कुणी हाकललं नाही. घरातली होती ती घरातलीच राहिली, फक्त ही कोण ते कळेना, म्हणून हिशेब पहिल्यापासून मांडावा लागला.

पुढे मायकेल शीहन आणि टिबेट्स यांनी या माश्यांना शिकवायला घेतलं. एका छोट्या मार्गिकेत दोन चित्रं, एका चित्राच्या बाजूला सुरक्षित जागा, बाकी जमिनीला विजेचा सौम्य झटका. चित्रं गांधीलमाश्यांच्या चेहऱ्यांची असतील तर त्या पटकन शिकायच्या. साध्या भौमितिक आकृत्या किंवा सुरवंटांची चित्रं शिकायला त्यांना जड जायचं. त्याच चेहऱ्यांच्या चित्रातून स्पर्शिका काढून टाकल्या की शिकणं पुन्हा मंदावायचं, म्हणजे चेहरा हा त्यांना चेहरा म्हणूनच कळत होता. आणि हिचीच एक नातेवाईक, पोलिस्टीस मेट्रिकस, जिथे बहुधा एकटीच राणी घरटं सुरू करते आणि चेहरेही एकमेकींसारखेच असतात, तिला चेहऱ्यांचं असं काही खास अंग नव्हतं. हे काम २०११चं.

पण मी खिळून राहिले ती त्या आधीच्या, २००९च्या प्रयोगापाशी. चार माश्यांचा गट घ्यायचा, रंग लावून त्यातल्या तिघींचे चेहरे एकसारखे करायचे आणि चौथीचा वेगळा. बघायचं होतं की मार कुणाला जास्त पडतो. मला वाटलं होतं, वेगळी दिसणारी एकटी पडेल आणि तिला जास्त पडेल. शाळेत तेच बघितलं होतं. झालं उलट. वेगळ्या चेहऱ्याच्या माशीला कमी मार पडला. तिच्याशी एकदा झुंज झाली की ती लक्षात राहते, पुन्हा पुन्हा झुंजायचं कारण उरत नाही. एकसारख्या तिघींना मात्र एकीचं उट्टं दुसरीवर निघाल्यासारखं सोसावं लागलं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते. वर्गाबाहेरचा तो तास आठवला.

उत्क्रांतीच्या भाषेत याचा अर्थ असा की दुर्मीळ असणं हाच फायदा ठरतो. एखादी नवी खूण कुणाच्या तरी तोंडावर उमटली की ती जिच्याकडे आहे तिला लाभ होतो, तिला जास्त पिल्लं होतात, खूण पसरते. पसरली की ती दुर्मीळ राहत नाही, लाभ घटतो आणि मग दुसऱ्या कुठल्या तरी खुणेचे दिवस येतात. कुठलीच खूण जिंकत नाही, म्हणून सगळ्याच टिकून राहतात. मोराच्या पिसाऱ्यासारख्या खुणांपेक्षा ही गोष्ट मुळातच वेगळी आहे. पिसाऱ्यात सरस-निरस असतं, तो पेलायला ताकद लागते आणि म्हणूनच तो ताकदीचा पुरावा होतो. ओळखीच्या खुणेत सरस-निरस काही नाही. पिवळी भुवई काळ्या पट्ट्यापेक्षा चांगली नाही आणि वाईटही नाही, ती फक्त दुसरी आहे. आफ्रिकेत प्रचंड थव्यांनी राहणारा क्वेलिआ हा पक्षी आहे. त्याच्या नरांच्या तोंडावरचे रंग अनेक तऱ्हांचे असतात, आणि जेम्स डेल यांनी तपासलं तेव्हा त्या रंगांचा नराच्या तब्येतीशी काही संबंध सापडला नाही. मला या कल्पनेत फार दिलासा वाटतो. निसर्गात सगळीकडे स्पर्धाच आहे, असं ऐकत आपण मोठे होतो. इथे स्पर्धा आहे खरी, पण कुणापेक्षा वरचढ व्हायची नाही, निराळं व्हायची आहे.

निराळं होण्याचं गणितही साधं आहे. चेहऱ्यात दहा गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचे दोनच प्रकार आहेत असं धरू. त्या दहा गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतील, म्हणजे भुवई पिवळी तर गालही पिवळा आणि कपाळही पिवळं, तर चेहरे होतील फक्त दोन. त्या मोकळ्या असतील, भुवईचं गालाशी काही देणंघेणं नसेल, तर चेहरे होतील १,०२४. म्हणजे नुसतं वैविध्य असून भागत नाही, ते सुटं सुटं असावं लागतं.

माणसाच्या चेहऱ्यात नेमकं हेच दिसतं. शीहन आणि मायकेल नॅकमन यांनी २०१४ साली अमेरिकी सैन्यातल्या लोकांच्या शरीराची आधीच नोंदवलेली मापं तपासली. हाताचा पंजा लांब असेल तर तो रुंदही असायचा, बाकीचं शरीर असं एकमेकांच्या मापानं चालतं. चेहऱ्याचं तसं नव्हतं. नाकाच्या लांबीवरून नाकाची रुंदी सांगता येत नव्हती. शिवाय चेहरा घडवणाऱ्या जनुकांच्या आसपास वैविध्य जास्त टिकून राहिलेलं त्यांना आढळलं. आपले चेहरे वेगळे आहेत ते सहज म्हणून नाहीत. ते वेगळे राहावेत अशी निवड पिढ्यानपिढ्या होत आली आहे. कुणाच्या तरी चुकीचा मार आपल्याला पडू नये, कुणी तरी केलेल्या उपकाराची परतफेड भलत्यालाच मिळू नये, म्हणून. आम्ही दोघी त्या सगळ्या व्यवस्थेतून निसटलेल्या.

पण जिथे गरज नाही तिथे निसर्ग हा खटाटोप करत नाही, आणि मला वाटतं, या विषयातला खरा पुरावा तिथेच आहे. किटीवेक नावाचा एक कुरव आहे. तो समुद्रावरच्या उभ्या कड्यावर, पाऊल ठेवायलाही धड जागा नसेल अशा बारीक कंगोऱ्यावर घरटं करतो. एस्थर कलन हिनं १९५०च्या दशकात इंग्लंडजवळच्या फार्न बेटांवर त्याचा अभ्यास केला. जमिनीवर घरटी करणारे कुरव काही दिवसांतच आपली पिल्लं ओळखायला लागतात, कारण ती पिल्लं लगेच इकडेतिकडे फिरायला लागतात. किटीवेकची पिल्लं जातील कुठे? एक पाऊल पुढे टाकलं की खाली समुद्र. घरट्यात आहे ते आपलंच. त्यामुळे तिथे परकं पिल्लू आणून ठेवलं तरी आईबाप त्याला मुकाट्यानं भरवतात. हे प्रेम कमी म्हणून नाही आणि बुद्धी कमी म्हणूनही नाही. त्यांच्या घराचा पत्ताच ओळखीचं काम करतो.

भिंगऱ्यांमध्येही हेच. क्लिफ स्वॉलो ही भिंगरी शेकडो घरटी एकमेकांना चिकटवून मोठी वसाहत करते. उडायला लागलेली पिल्लं एका घोळक्यात बसतात आणि आईबापांना त्या कलकलाटात आपलं पिल्लू शोधावं लागतं. माळभिंगरी मात्र सुटी किंवा छोट्या गटात राहते. मायकेल बीचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघींच्या पिल्लांचे आवाज मोजले. वसाहतीतल्या पिल्लांच्या आवाजात एकमेकांपासूनचा फरक कितीतरी जास्त होता. मोठ्या गर्दीत राहणाऱ्याला आवाजसुद्धा ठसठशीत लागतो. इथे मोजलेले आवाज पिल्लांचे आहेत, हे विसरू नका. आईच्या कानांवर सगळा भार टाकलेला नाही. मी अमुक आहे, हे पिल्लू ओरडून सांगतं आहे.

आता किंग पेंग्विनकडे येते. याच्याबद्दल मी किती वेळा वाचलं असेल आणि तरी वाचताना दर वेळी जीव अडकतो.

हा पेंग्विन घरटं करत नाही. एकच अंडं, तेही पायांवर घेऊन पोटाच्या घडीखाली झाकलेलं. पिल्लू मोठं झालं की आईबाप दोघंही समुद्रावर जातात आणि पिल्लं घोळके करून उभी राहतात. तपकिरी लव पांघरलेली हजारो पिल्लं, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांसारख्या ठिकाणी या वसाहती किनाऱ्यापासून आत दूरवर पसरलेल्या असतात. आई किंवा बाप दिवसचे दिवस समुद्रात राहून परत येतो. हिवाळ्यात तर पिल्लू आठवडेच्या आठवडे उपाशी असतं. पत्ता नाही, कारण घर नाही. चेहऱ्यावरून ओळख नाही. उरतो तो आवाज, आणि आवाजाला तिथे जागा तरी कुठे आहे? हजारो गळे एकाच वेळी सुरू, वर दक्षिणेचा वारा.

तिएरी ओबँ आणि पिएर जुव्हान्तँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ही कोंडी पेंग्विन कशी फोडतो ते उकललं. पक्ष्याचा आवाज निघतो तो श्वासनलिका जिथे दुभंगते तिथल्या अवयवातून. या पेंग्विनांच्या त्या अवयवाच्या दोन्ही शाखा एकाच वेळी वाजतात, पण अगदी किंचित वेगळ्या सुरात. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की मिळून एक थरथर तयार होते. तंबोरा लावताना दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पुऱ्या जुळल्या नाहीत की जी लाट कानाला लागते, ती. ही थरथर प्रत्येक पक्ष्याची आपली असते. सम्राट पेंग्विनाची ओळख तर तिच्याशिवाय पटत नाही. किंग पेंग्विनाचं पिल्लू त्या जोडीनं सूर कसा चढतो आणि उतरतो तेही ऐकतं. हाक एकच स्वरखंड पुन्हा पुन्हा घेऊन बनलेली असते आणि त्यातल्या एका स्वरखंडाचा अर्धा भाग ऐकवला तरी पिल्लाला पुरतो. १९९८ साली या दोघांनी दाखवलं की वसाहतीच्या गोंगाटापेक्षा हाक हळू असली, अगदी इतर मोठ्या पेंग्विनांच्या हाका तिच्यावर चढवल्या, तरी पिल्लू आपल्याच आईची हाक त्यातून वेगळी काढतं.

वारा वाढला की काय करतात? जोरात ओरडत नाहीत. जास्त वेळा हाक देतात आणि एका हाकेत जास्त स्वरखंड घेतात. एक निसटला तर दुसरा पोचेल. फोनवर आवाज तुटायला लागला की आपण तेच वाक्य पुन्हा म्हणतो, तसंच. आणि त्याच कुळातले घरटं करणारे पेंग्विन, अॅडेली किंवा जेंटू, यांच्या हाकेची घडण पुष्कळच साधी असते. त्यांना भेटायला ठरलेली जागा आहे. ज्याला घर आहे त्याचा आवाज साधा असला तरी चालतो. ज्याला घर नाही, त्यानं आपलं घर आवाजात बांधलं आहे.

दक्षिण हिंदी महासागरातल्या अॅम्स्टरडॅम बेटावरच्या फर सीलबद्दलही एवढं सांगायलाच हवं. तिथे आई पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून दोन-दोन, तीन-तीन आठवडे समुद्रात जाते. पिल्लू तिचा आवाज जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत शिकतं. इझाबेल शारिए आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं की पिल्लाला आवाज ओळखता येईपर्यंत आई निघत नाही. ओळख पक्की झाली की मगच ती पाण्यात उतरते.

इथवर ओळख देणारा आणि घेणारा, दोघांचंही भलं एकाच गोष्टीत होतं. पण खूण आली की नकलाकारही येतोच. झांबियात प्रिनिया नावाचा वटवट्या जातीचा चिमुकला पक्षी आहे आणि कुकू फिंच त्याच्या घरट्यात चोरून अंडं घालतो. प्रिनियाच्या माद्यांची अंडी बघाल तर थक्क व्हाल. एकीची निळसर, दुसरीची पांढरी, तिसरीची विटकरी, कुणाची शेवाळी. कुणाच्या अंड्यावर मोठे डाग, कुणाच्या अंड्यावर शाईत टाक बुडवून गिरगटल्यासारख्या रेघा. एका मादीची अंडी मात्र आयुष्यभर एकाच तऱ्हेची. क्लेअर स्पॉटिसवूड यांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं आहे आणि त्या या खुणांना सही म्हणतात. रंग, डागांचा आकार, डागांची मांडणी या गोष्टी इथेही एकमेकींपासून सुट्या असतात. भुवई आणि गालाचं गणित पुन्हा तेच. नकलाकाराला एका मादीची सही जमेलही, पण शेजारणीच्या घरट्यात ती चालत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या फेअरी रेन या पक्ष्यानं याहून हळवी वाट काढली आहे. आई अंड्यांवर बसल्या बसल्या एक ठरावीक सूर लावते. प्रत्येक आईचा सूर वेगळा. अंड्यातलं पिल्लू तो ऐकतं आणि बाहेर आल्यावर खाऊ मागताना तोच सूर आपल्या ओरडण्यात घालतं. परवलीचा शब्दच म्हणायचा. ही जागा वापरू पाहणाऱ्या कोकीळकुळातल्या पक्ष्याचं पिल्लू लवकर अंड्याबाहेर येतं, त्याला शिकायला पुरेसे दिवस मिळत नाहीत. मागणीत तो सूर नसला की आईबाप ते घरटं सोडून जाण्याची शक्यता वाढते. डायान कोलोंबेल्ली-नेग्रेल आणि सोनिया क्लाइनडॉर्फर यांनी हे २०१२ साली मांडलं.

मग बोरू वटवट्याला हे का जमू नये? आपल्या कितीतरी पट मोठ्या, घरट्यात मावतही नाही अशा, कोकीळकुळातल्याच कुकू पक्ष्याच्या पिल्लाला तो चोच वर करून भरवत राहतो. त्याचा फोटो पाहिला की कुणालाही त्याची कीव येते. आर्नोन लोटेम यांनी १९९३ साली त्याचं जे कारण सुचवलं, ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात हुशार विधान वाटतं. समजा, पक्षी पहिल्या विणीत आपली पिल्लं बघून शिकतो की माझी पिल्लं अशी दिसतात. आता नेमक्या पहिल्याच विणीत फसवणूक झाली तर? कुकूचं पिल्लू बाकीची अंडी घरट्याबाहेर ढकलून देतं, म्हणजे शिकायला समोर तेवढंच उरतं. मग तो पक्षी पुढे जन्मभर स्वतःची पिल्लं परकी म्हणून टाकत राहील. त्यापेक्षा घरट्यात जे आहे ते आपलं, हे मानणं कमी धोक्याचं. चुकून परक्याला जवळ करणं आणि चुकून आपल्याला दूर लोटणं, या दोन चुकांचं वजन सारखं नाही. ओळख पक्की करायला गेलं की यातली दुसरी चूक वाढते. बोरू वटवट्या मूर्ख नाही. त्यानं कमी नुकसानीची चूक पत्करली आहे.

गेल्या वर्षी मी बहिणीला गांधीलमाशांचा तो २००९चा प्रयोग फोनवर सांगत होते. तिघी सारख्या, एक वेगळी, वेगळीला मार कमी. सांगता सांगता मी सहज म्हटलं, तू तेव्हा भांग बदललास म्हणून मी किती रागावले होते, आठवतं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला माझ्याऐवजी उभं केलं होतं ना. पुन्हा तसं व्हायला नको होतं. बाईंना मी कुठली ते कळलं असतं, तर तू आत बसली असतीस."

चाळीस वर्षं ही गोष्ट तिनं मला सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती.

तिला मी मग डॉल्फिनचं सांगितलं. बाटलीनाक डॉल्फिनचं पिल्लू पहिल्या वर्षभरात आपली एक शीळ तयार करतं. ती त्याचीच, दुसऱ्या कुणाची नाही. पाण्यात नजर लांब जात नाही, म्हणून दूर पांगलेले डॉल्फिन या शिळेनं मी इथे आहे असं कळवत राहतात. स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट जानिक यांनी २०१३ साली दाखवलं की एखाद्याची शीळ त्याला ऐकवली तर तो उत्तर देतो, दुसऱ्याच्या शिळेला देत नाही. हे नावानं हाक मारल्यावर ओ देण्याच्या जवळचं आहे. त्याच वर्षी जेसन ब्रुक यांचं काम आलं. त्यात बेली नावाच्या मादीनं अली या मादीची शीळ ओळखली होती, आणि त्या दोघी एकमेकींपासून वेगळ्या होऊन वीस वर्षांवर काळ लोटला होता.

बहिणीला यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त आवडली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये नर डॉल्फिन दोघा-तिघांची जोडगोळी करून वर्षानुवर्षं एकत्र राहतात. बरोबर पोहतात, बरोबर वर येऊन श्वास घेतात, एकमेकांना परांनी स्पर्श करतात. घट्ट जोडलेल्या प्राण्यांचे आवाज पुष्कळदा एकमेकांसारखे होत जातात. काही पोपटांत आणि वटवाघळांत तसं होतं. या नरांच्या शिळांचंही तसंच होत असेल, असं वाटलं होतं. किंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली त्या तपासल्या. त्या सारख्या झालेल्या नव्हत्या. इतकी वर्षं सोबत राहूनही प्रत्येकानं आपली शीळ आपली ठेवली होती. कोण माझ्याबरोबर आहे आणि कोण नाही, हे लक्षात ठेवायचं तर जवळच्याची खूण वेगळीच असायला हवी.

"दोघं एकाच वेळी श्वास घेतात?" तिनं विचारलं.

"हो, एकाच वेळी."

बाबांना आता नीट दिसत नाही. आमचे आवाज त्यांना फोनवर पहिल्यापासूनच वेगळे कळत नाहीत. लहानपणी घरात आमची नावंच डावी आणि उजवी अशी पडली होती, त्या भांगावरून. बहिणीनं दोन वर्षांपूर्वी केस अगदी बारीक कापून घेतले, भांग काही उरलेला नाही. परवा मी बाबांजवळ बसले होते तेव्हा तिचा फोन आला. त्यांनी चाचपडत फोन कानाला लावला, आणि शेजारी बसलेल्या मला तिकडचा आवाज स्पष्ट ऐकू आला, माझाच आवाज, "बाबा, डावी बोलतेय."